तिसऱ्या ओळीपर्यंतची नजर

एखाद्या गावाला दृष्टी देणारा माणूस शंभर वर्षांत एकदाच जन्माला येतो. आमच्या जाफराबादेत तो जन्मला नव्हता. तीर्थपुरीहून आला होता, आणि तोही तिथलं कापडाचं दुकान बसलं म्हणून.

बसस्टँडसमोर त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. पाटीवर नावाच्या वर 'नेत्रतज्ज्ञ' असं लिहिलेलं, नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. सगळा तालुका त्यांना डॉक्टर म्हणायचा. ते डॉक्टर नाहीत हेही सगळ्या तालुक्याला माहीत होतं. पण आमच्याकडे ज्यांना वकीलसाहेब म्हणत तेही एका वकिलाचे कारकूनच होते, तेव्हा या विषयात कुणी फार खोल जात नसे. गल्ल्यामागच्या भिंतीवर, छताला लागून, फ्रेम केलेलं एक प्रमाणपत्र होतं. लाल शिक्का, दोन सह्या. ते इतक्या उंचावर होतं की वाचायला घारीची नजर हवी, आणि घारीची नजर असलेला माणूस चष्म्याच्या दुकानात येत नाही. एकदा लाईट गेली म्हणून फ्यूज बघायला मी त्यांच्या स्टुलावर चढलो आणि वाचलं. नेत्रतपासणी शिबिराला पन्नास खुर्च्या मोफत दिल्याबद्दल आयोजकांनी त्यांचे आभार मानले होते.

दुकानात अक्षरांचा तक्ता नव्हता. तक्त्याचा त्यांना रागच होता. "अक्षरं वाचायला लावणं म्हंजे माणसाचा अपमान," ते म्हणत. "अर्ध्या लोकांना वाचता येत न्हाई, अन् उरलेले शिकून विसरले. माणूस दिवसभर काय बघतो? माणसं बघतो. मंग माणसंच दाखवा ना त्याला."

माणसं समोरच होती. रस्त्याच्या पलीकडे, चहाच्या बुटक्या हॉटेलावर, लोखंडी सांगाड्याला एक भलामोठा फ्लेक्स बांधलेला असे. मध्ये तालुक्याचे नेते दादासाहेब, गुडघ्यापर्यंत, हसत. वर 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. पायाशी शुभेच्छुकांच्या तीन ओळी. पहिल्या ओळीतली तोंडं परातीएवढी, दुसरीतली ताटलीएवढी, तिसरीतली बशीएवढी. वाढदिवस एक दिवसाचा असे, फ्लेक्स वर्षभराचा.

डॉक्टर गिऱ्हाइकाला दुकानाच्या पायरीवर खुर्चीत बसवत, एका डोळ्यावर तळहात ठेवायला सांगत आणि विचारत, "मधी कोण?" नुसते दादासाहेब दिसले तर अडीच नंबर. पहिली ओळ दिसली तर दीड. दुसरी ओळखली तर पाऊण. तिसरी ओळ सांगितली तर चष्म्याची गरज नाही. मग ते एका कागदावर 'नजर उत्तम' असं लिहून खाली लांबलचक सही करत. मधून एसटी गेली की तपासणी थांबे. काळीपिवळी जीप आडवी उभी राहिली तर ड्रायव्हरवर ओरडत, "अरे ए, माणसाची नजर अडवून राह्यला तू!"

या पद्धतीत एक लहानशी खोट होती. गावात प्रत्येकाला ती तिसरी ओळ पाठ होती. कोण कुणाच्या शेजारी आहे, यंदा कुणाला दुसरीतून तिसरीत ढकललं आणि तो त्या रात्री जेवला की नाही, यावर चहाच्या हॉटेलात महिनाभर चर्चा चाले. जन्मांध माणसानेही ती ओळ डावीकडून उजवीकडे म्हणून दाखवली असती. त्यामुळे जाफराबादकरांची नजर फारच चांगली निघायची. नंबर निघायचा तो बाहेरगावच्यांना. केदारखेड्याहून आलेला माणूस दादासाहेबांपलीकडे कुणाला ओळखणार? तो अडीच नंबर घेऊन परत जाई आणि आठ दिवसांनी डोकं धरून येई.

"चक्कर येती, डॉक्टर."

"सवय व्हायला टाइम लागतो. बायकोची झाली ना?"

दादासाहेबांच्या विरोधातले लोकही येत. ते खुर्चीत ताठ बसून सांगत, "दिसतात सगळे. नाव घेणार न्हाई." डॉक्टर मान डोलवत आणि कागदावर पाव नंबर वाढवत. हा पाव नंबर डोळ्यांचा नसून ताठ्याचा आहे, असं त्यांनी मला खासगीत सांगितलं होतं. निवडणुका लागल्या की आचारसंहितेत सगळे फ्लेक्स उतरवत, आणि सांगाडा नुसता उभा राही. तेवढे दिवस दुकानावर 'तपासणी बंद' अशी पाटी लागे. खेड्यातून तंगडतोड करत आलेल्या म्हाताऱ्याला डॉक्टर शांतपणे सांगत, "निकाल लागल्यावर या."

फ्रेम कुणी निवडायची नाही, असा त्यांचा नियम होता. फ्रेम ते देत. मास्तरांना काळी जाड, कारण पातळ फ्रेमच्या मास्तराला पोरं भीत नाहीत. कीर्तनकाराला बिनकाठाची. आमच्या शेजारच्या गावात बाई सरपंच झाल्या तेव्हा नवरा-बायको दोघं तपासायला आले. डॉक्टरांनी सरपंचबाईंना साधी फ्रेम दिली आणि त्यांच्या यजमानांना सोनेरी. बाईंनी विचारलं, "सरपंच तर मी हाये ना?" डॉक्टर म्हणाले, "हो, पण कागदं हेच वाचणार ना, वहिनी." यजमानांनी आरशात बघून भांग नीट केला.

लग्नाच्या मुलींना त्यांच्याकडे नंबर निघतच नसे. मुलगी आईबरोबर येई, दादासाहेबसुद्धा धुरकट दिसतात म्हणे. डॉक्टर तिच्या डोळ्यात बॅटरी मारत आणि आईला सांगत, "काही न्हाई. अभ्यासाचा ताण हाये. लग्न झालं का जाईन." लग्न झालं की महिन्याभरात सासरचे तिला घेऊन येत आणि तिला दोन नंबर निघे. सासूने तोंड वाकडं केलं तर डॉक्टर गंभीर होत. "माहेरी बिलकुल न्हवता. मीच तपासली होती."

मी त्यांना एकदा विचारलं, "मधल्या काळात ती पोरगी विहिरीत पडली असती तर?"

"पडली का?"

"नाही."

"मंग?"

एरवी माणूस वाईट नव्हता. नवा चष्मा ते दोन्ही हातांनी, सत्काराचा हार घालावा तसा चढवत. पहिल्यांदा भिंतीवरच्या देवाकडे बघायला लावत, मग आरशात, मग रस्त्यापलीकडे. "आता काय दिसून राह्यलं?" एक म्हातारी म्हणाली होती, "दादासाहेबाचे दात." डॉक्टर म्हणाले, "एवढं बारीक बघायचं न्हाई."

"नजर डोळ्यात नसती," हे त्यांचं आवडतं वाक्य. "नजर ओळखीत असती." कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करताना मी बरीच सुभाषितं वाचली. त्यांतली निम्मी याहून बरी नव्हती.

हे सुभाषित मी एरवी हसण्यावारी नेलं असतं. पण माझे वडील, आबा, त्यावर विश्वास ठेवून स्कूटी चालवत होते.

आबा ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले. रोज सकाळी स्कूटीवर मळ्यात जायचे आणि दुपारी परत. वर्षभरापासून चहा कपाच्या शेजारी ओतायला लागले होते. अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्याला त्यांनी एकदा "काय रे, उभा काऊन राह्यला, बस ना" म्हटलं होतं. मी म्हणायचो, जालन्याला जाऊ, डोळे दाखवू. ते खिशातून घडी घातलेला कागद काढत. नजर उत्तम, खाली सही.

मग एक दिवस ते जिनिंगच्या आवारात शिरले आणि कापसाच्या गंजीत स्कूटीसकट घुसले. लोकांनी पाय धरून ओढून काढलं. खरचटलंसुद्धा नाही. कापूस होता म्हणून. सोयाबीनची पोती असती तर मी हे वेगळ्या सुरात लिहिलं असतं. पण जिनिंगच्या फाटकाला लागूनच मुलींची शाळा आहे आणि आबांची परतीची वेळ शाळा सुटायचीच असते. मी स्कूटीची चावी काढून घेतली. आबांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी सदरा घालून दारात उभे राहिले.

"चल डॉक्टरकडं. तुझ्यासमोर तपासून घेतो. नापास झालो तर जालन्याला येतो, म्हणशील ते कापून घेतो. पास झालो तर चावी दे, अन् पुन्हा तोंड उघडायचं न्हाई."

"कबूल," मी म्हणालो, आणि म्हणताक्षणी मला कळलं की मी चावी घालवली. तिसरी ओळ आबांना माझ्या नावापेक्षा जास्त पाठ होती.

पण त्या दोन दिवसांत गावात एक मृत्यू झाला होता. तिसऱ्या ओळीत डावीकडून चौथे असलेले नाना गेले. दादासाहेबांचे जुने कार्यकर्ते. आबा त्यांच्या मातीला जाऊन आले होते, डॉक्टरही गेले होते. बाजारपेठ दोन दिवस बंद होती. तिसऱ्या दिवशी दुकानं उघडली आणि आम्ही डॉक्टरांचं पहिलं गिऱ्हाईक.

मी रस्त्यापलीकडे बघितलं. दादासाहेबांचा वाढदिवस उतरवून तिथे नवा फ्लेक्स लावला होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मध्ये नाना, हार घातलेले, आधार कार्डावरचा फोटो मोठा केलेला, त्यामुळे पकडलेल्या चोरासारखे बघणारे. खाली 'शोकाकुल' आणि एकच ओळ. आमच्या तालुक्यात तिसऱ्या ओळीतल्या माणसाला मधोमध यायचा हा एकच मार्ग आहे.

मी गप्प बसलो. तिथे बोलायला हवं होतं असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

डॉक्टरांनी आबांना खुर्चीत बसवलं. स्वतः शेजारी उभे राहिले, हात पाठीमागे, नजर रस्त्यापलीकडे.

"डावा बंद करा, आबा. मधी कोण?"

"दादासाहेब."

"बराबर. कसे दिसून राह्यले?"

"हसून राह्यले."

"बराबर. वर काय लिव्हलंय?"

"वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा."

"एकदम बराबर. आता तिसरी ओळ. डावीकडून चौथा?"

आबांचा आवाज खाली आला. "नाना. बिचारा. फोटोत कसा ताजा दिसून राह्यला."

"डोळ्यात पाणी आलं का?"

"आलं."

"मंग डोळे बी चांगले अन् मन बी चांगलं," डॉक्टर म्हणाले आणि कागद काढायला वळले.

हे सगळं मोठ्याने चालत असे, कारण रस्त्याचा आवाज असतो. समोरच्या हॉटेलात, त्या फ्लेक्सच्या खालीच, नानांचे धाकटे भाऊ बापू पाहुण्यांबरोबर चहा पीत बसले होते. ते कप तसाच ठेवून रस्ता ओलांडून आले.

"आबा, कोणाचा वाढदिवस हाये?"

आबांनी आवाजावरून ओळखलं. "कोण, बापू? ये. दादासाहेबांचा ना."

"आमच्या नानाला जाऊन तीन दिवस न्हाई झाले, अन् तुम्ही त्याच्या फोटोसमोर वाढदिवस करून राह्यले? अन् कोण हसून राह्यलं त्यात?"

डॉक्टर मध्ये पडले. दुःखात माणूस काहीही बोलतो, अशा समजूतदार चेहऱ्याने त्यांनी बापूंच्या खांद्यावर हात ठेवला. "बापू, फ्लेक्स समोर हाये. तुम्हीच वाचा ना."

"वाचूनच तर बोलून राह्यलो!"

"मंग तुमचाच नंबर काढावा लागन. रडून रडून होतं असं. बसा."

मला वाटलं, बापू त्यांच्या कानाखाली वाजवतात. त्यांनी तसं केलं नाही. डॉक्टरांचं मनगट धरलं आणि त्यांना ओढत रस्त्यापलीकडे नेलं. एक जीप करकचून थांबली. मी मागे गेलो. बापूंनी डॉक्टरांना हॉटेलाच्या बाकावर उभं केलं आणि म्हणाले, "वाचा."

डॉक्टरांनी मान पुढे केली. आणखी पुढे केली. नाक फ्लेक्सला टेकायला आलं तेव्हा थांबले. नानांच्या हारातल्या एका झेंडूपासून दुसऱ्या झेंडूकडे त्यांची नजर हळूहळू सरकत होती, मुंगी चालावी तशी. मग वर गेली, 'श्रद्धांजली'च्या पहिल्या अक्षरापाशी. हॉटेलातल्या सगळ्यांचा चहा थांबला होता. डॉक्टर सावकाश बाकावरून उतरले.

"बदलला का," ते म्हणाले. "मला कोणी सांगितलं न्हाई."

त्या वाक्यासरशी बापूंचा राग खाली बसला. ते एकदम हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टर, तुम्हाला दिसत न्हाई?"

"दिसतं ना. तुम्ही बापू हाये. हे हॉटेल हाये."

"अन् हा?" बापूंनी एका पाहुण्याकडे बोट दाखवलं. तो भोकरदनचा होता, पहिल्यांदाच आलेला.

डॉक्टर त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. "तुम्ही आधी कधी आल्ते का दुकानात?" त्यांनी विचारलं.

पलीकडे आबा अजून खुर्चीत होते, डावा डोळा तळहाताने झाकून. "काय झालं रे?" त्यांनी ओरडून विचारलं. "दुसरी ओळ बी सांगू का?"

मी परत जाऊन त्यांना सांगितलं, "आबा, मध्ये नाना आहेत."

"नाना मधी कसा गेला?"

"मरून."

आबांनी डोळ्यावरचा हात काढला. दोन्ही डोळ्यांनी समोर बघितलं, मग एकेका डोळ्याने, मग पुन्हा दोन्ही. मी त्यांना तसं करताना पहिल्यांदाच बघत होतो. एवढी वर्षं त्यांनी समोर बघितलंच नव्हतं, फक्त उत्तर दिलं होतं. चावी माझ्या खिशातच होती. तेच म्हणाले, "पास तर केलं त्यांनी मला."

"केलं."

"त्यांनाच दिसत नसन तर त्या पासाला अर्थ न्हाई." ग्रामसेवकी केलेला माणूस; सही कुणाची चालते हे त्यांना कळत होतं. "जालन्याला येतो. पण डॉक्टर येत असतील तर. मी एकटा नापास होणार न्हाई."

डॉक्टर आधी नाही म्हणाले. दुकान कोण बघणार, लोक काय म्हणतील. बापूंनी तो प्रश्न सोडवला. "माझ्या दोन नाती जिनिंगजवळच्या शाळेत जातात, डॉक्टर. आबाच्या हातात कागद तुमच्या सहीचा हाये. उद्या काही झालं तर मी आबाकडं येणार न्हाई, तुमच्याकडं येईन."

दोन दिवसांनी आम्ही तिघं सकाळच्या बसने निघालो. वाटेत डॉक्टर आबांना खिडकीतून गावं दाखवत होते. गावं बरोबर होती, क्रमही बरोबर होता, फक्त प्रत्येक गाव येऊन गेल्यावर चारेक मिनिटांनी ते सांगत.

जालन्याच्या दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टर पोरसवदा बाई होत्या. त्यांनी आबांना तपासलं, दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. आबा उठले, आमचे डॉक्टर बसले. समोर उजेडाच्या पेटीत अक्षरांचा तक्ता.

"काका, काय दिसतं?"

डॉक्टरांनी तक्त्याकडे न्याहाळून बघितलं. "यात ओळखीचं कोणी न्हाई."

"अक्षरं आहेत, काका. वरचं मोठं वाचा."

"ही नजरेची परीक्षा न्हाई, बाई. ही साक्षरतेची हाये."

"बरं. वाचा."

डॉक्टरांनी मान पुढे केली. बाईंनी त्यांच्या डोळ्यात उजेड टाकला, एकात आणि मग दुसऱ्यात. तोच मोतीबिंदू दिसायला बाईंना वेळ लागला नाही. "काका, तुम्ही काय करता?" त्यांनी विचारलं.

मी आणि आबा, दोघांनीही छताकडे बघितलं.

"दुकान हाये," डॉक्टर म्हणाले.

दोघांची शस्त्रक्रिया एकाच दिवशी झाली, एकेका डोळ्याची. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांची पट्टी काढली. आबांनी भिंत बघितली, सलाईनचा स्टँड बघितला, मग मला बघितलं. फार वेळ बघितलं.

"तुझे केस कधी पिकले?"

"सहा-सात वर्षं झाली, आबा."

"हं," आबा म्हणाले, आणि हात लांब करून त्यांनी माझ्या कानामागचे केस चिमटीत धरून पाहिले.

डॉक्टरांची पट्टी त्यांच्यानंतर निघाली. डोळा उघडल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि "तुम्ही कोण?" असं विचारलं. गंमत करत नव्हते. मी बोलल्यावर ओळखलं.

दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया महिन्याने झाली. त्यानंतर वाचायच्या चष्म्यासाठी बाईंनी दोघांना नंबर लिहून दिला. आबांनी दवाखान्याच्या खालच्या दुकानातून चष्मा करून घेतला, फ्रेम स्वतः निवडली. डॉक्टर म्हणाले, मी माझं बघतो. नंबरचा कागद त्यांनी नीट घडी करून वरच्या खिशात ठेवला. जाफराबादची बस सुटायला वीस मिनिटं होती. जालन्याच्या बसस्टँडबाहेर कंगवे, कुलपं आणि चष्मे विकणारी एक हातगाडी असते. डॉक्टर तिच्यापाशी उभे राहिले. गाडीवाल्याने एका खोक्याचं झाकण वाचायला दिलं. खिशातला कागद न काढता त्यांनी तीन चष्मे लावून झाकण वाचून बघितलं आणि चौथा घेतला.